दोन्हीकडनं चालतं

आमदार अकराला येणार म्हणून दोरवालीनं सकाळी सातला ताणलेले तागाचे चार पेड दुपारी चारपर्यंत तसेच उन्हात ताटकळत राहिले, आणि त्यांच्याबरोबर ती.

घराच्या भिंतीला लागून शंभर हात लांब सरळ गल्ली होती. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला चार खुंट. मधल्या शंभर हातांत या घराच्या तीन पिढ्या मागं मागं चालत गेल्या होत्या. दोर वळणारा पुढं चालत नाही. चाकाकडं तोंड करून, चार खाचांचा लाकडी भोवरा हातात धरून तो उलट्या पावलांनी सरकतो. चाक फिरतं, भोवऱ्याच्या पुढं चार पेडांचा एक दोर होत जातो, आणि माणूस मागं. "आमच्या घराण्याची प्रगती अशीच," सासरा म्हणायचा, "सगळी उलट्या पावली."

दोर तिच्या भावासाठी होता. भाऊ विहिरींत उतरायचा, गाळ काढायचा, खडक फोडायचा. यंदा पाणी इतकं खाली गेलं होतं की बादली तळाला आपटल्याचा आवाज वर यायचा. वस्तीच्या विहिरीचा गाळ काढायचं ठरलं तेव्हा भावाचा जुना दोर कप्पीपाशी घासून केसाळला होता. "ताई, नव्वद हात दे," तो म्हणाला होता. "ऐंशी हात विहीर, दहा हात वर. बुधवारी सकाळी उतरणार. तोवर वस्ती टँकरच्या तोंडाला."

तर बुधवारी सकाळी दोर हवा होता, आणि आज मंगळवार होता.

सोमवारी संध्याकाळी आमदारांच्या कचेरीतला चष्मेवाला येऊन गेला होता. साहेब मतदारसंघात आलेत, म्हणाला, स्थानिक उद्योगांना भेटी देतायत. बेकरी आहे, लाकडाची वखार आहे, दूध केंद्र आहे, आणि मग तुम्ही. चाक फिरताना दिसलं पाहिजे. आधी वळून मोकळे होऊ नका.

"अकराला नक्की ना?" तिनं विचारलं. "ताग ओलसर असतानाच वळावा लागतो. वाळला की ऐकत नाही."

"तुम्ही पाणी मारत राहा की," चष्मेवाला म्हणाला, आणि नाकाला रुमाल लावून कुंडाकडं गेला.

घरामागं ताग कुजवायचं कुंड होतं. तागाचे भारे पाण्यात तीन आठवडे कुजतात तेव्हा साल सुटते आणि धागा हाती लागतो. वास येतोच. तो वास तिच्या हातांत, केसांत, उशीत होता. तिला तो कळायचाही नाही. चष्मेवाल्यानं दोन माणसं बोलावून कुंडावर निळी ताडपत्री अंथरायला लावली, कडेनं फिनेल ओतलं आणि सगळ्या गल्लीत डबीतला गुलाबाचा फवारा मारला. आता कुजका ताग, फिनेल आणि गुलाब असा तिन्हींचा मिळून एक वास झाला, आणि तो तिला कळला. तिला ओकारी आली.

"तेवढं सहन कर," नवरा म्हणाला. "पत्र्याचं काम होतंय."

पत्रा म्हणजे सावली. सगळ्या गल्लीवर पत्र्याचं छप्पर. दोरवाला सात वर्षं त्याचे अर्ज लिहीत होता. दोर उन्हात वळायचा, पावसात वळायचाच नाही, असं किती दिवस चालणार? तो वाईट माणूस नव्हता. गोड बोलायचा, एवढंच. आणि साहेब म्हणवणारा कुणीही समोर आला की त्याच्या पाठीचा कणा कुठं जायचा कोण जाणे. सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून तो चाकाशी भाषण घोकत बसला होता.

अकरा वाजले. बारा वाजले. ती घागरीनं पेडांवर पाणी शिंपडत राहिली. पाणी शिंपडलं की वाफ व्हायची. एकदा चष्मेवाल्याचा निरोप आला, साहेब बेकरीत थोडे रमलेत. दोनला दुसरा आला, साहेब जेवून थोडे टेकलेत.

"टेकू देत," सासरा म्हणाला. "आम्ही उभे आहोत."

सासऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड-अंधार एवढंच कळायचं. पण दोर बोटांतून ओढला की कितव्या हाताला जांभई आली, म्हणजे वळ सैल पडला, हे तो सांगायचा. तीनच्या सुमारास चष्मेवाला परत आला आणि त्यानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. फाटका बनियन, हनुवटीवर तंबाखूची ओघळ.

"यांना जरा आत बसवता का?"

"हे त्यांचंच चाक आहे," ती म्हणाली.

"हो, पण फोटो आहे ना."

नवऱ्यानं बापाच्या दंडाला धरलं. "चला बाबा, ऊन लागतंय."

"सत्तर वर्षं नाही लागलं ते?" म्हातारा म्हणाला. पण गेला. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. चष्मेवाल्याच्या माणसानं ती लावली होती. त्या आवाजाकडं नवऱ्यानं पाहिलं आणि सदऱ्याची बाही खाली ओढली.

चारला तीन गाड्या आल्या. गल्लीचं तोंड बंद झालं. उतरलेल्यांपैकी दोघं सरळ भिंतीशी गेले आणि तिच्या वाळत घातलेल्या तागापासून चार हातांवर मुतायला उभे राहिले. तिसऱ्यानं पाण्याची बाटली संपवून ताडपत्रीवर फेकली. आमदार मधल्या गाडीतून उतरले. गोरे, मऊ, हसरे. मिशीच्या टोकाला केकचं क्रीम होतं आणि कुणी सांगत नव्हतं.

"वा वा! म्हणजे तुम्ही सुतळी करता!"

"दोर, साहेब," नवरा म्हणाला.

"तेच ते." साहेबांना ढेकर आला. आंबूस, गोड. "बहिणाबाई, कशा आहात?" त्यांनी तिचा हात हातात घेतला. रबरासारखा ओलसर हात. फोटोवाल्यानं तीन फोटो काढले, साहेबांनी हात सोडला, मागं केला, आणि मागच्या माणसानं त्या हातात ओला सुगंधी कागद दिला. साहेबांनी बोट न् बोट पुसलं, मधल्या बेचक्यांतसुद्धा, आणि कागद तिथंच टाकला. तो तागाच्या ढिगावर पडला.

त्यात साहेबांचं काही चुकलं असंही नाही; तिच्या हाताला वास होताच. पण तिच्या समोर पुसायचा होता का?

"सुरू करा," चष्मेवाला म्हणाला.

तिनं भोवरा धरला. नवऱ्यानं चाक फिरवलं. पेड वाळून रागावले होते, तरी तिनं अंगठ्यांनी दाबत दाबत त्यांना ओळीत आणलं. पंधरा हात दोर झाला. सरळ, घट्ट. ती मागं सरकत होती आणि दोर तिच्यापुढं वाढत होता, तेव्हा साहेब म्हणाले, "मी बघू का जरा फिरवून?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अजून काहीच झालं नव्हतं.

साहेब नवऱ्याच्या जागी उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, तिकडून चेहरा येत नाही. सावली पडतेय. या बाजूला याल?" साहेब चाकाच्या पलीकडं गेले, मूठ धरली, फोटोवाल्याकडं पाहून हसले, आणि चाक आपल्याकडं ओढलं.

चाक उलटं फिरलं.

तिच्या हातात ते आधी आलं. भोवऱ्यातला ताण सुटला. घट्ट धरलेल्या माणसानं अचानक हात सोडावा तसा. पंधरा हात दोर समोर पोटातून फुगला, चार पेड एकमेकांपासून सुटले, एकाला मुरगळून अढी पडली, मग दुसरी, तिसरी.

"उलटं!" ती ओरडली. "अहो, उलटं फिरतंय!"

"ताई, हसा जरा," फोटोवाला म्हणाला.

"थांबवा ते! पेड मोडतायत!"

साहेब थांबले. हसू तसंच ठेवून नवऱ्याकडं वळले. "काय, चुकलं का माझं?"

नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. शंभर हातांच्या त्या गल्लीत दोघांच्या मधे पंधरा हात मोडका दोर होता. तो बघत होता, त्याला दिसत होतं, त्याच्या इतकं ते जगात कुणाला दिसणार?

"नाही नाही साहेब," तो म्हणाला. "चालतंय. दोन्हीकडनं चालतं."

साहेब खूश झाले. "दोन्हीकडनं चालतं! अरे, हे आपल्या पक्षाला कळवा!" गल्ली हसली. भिंतीशी मुतलेले दोघं सगळ्यांत जास्त हसले. साहेबांनी आणखी दहा-बारा फेरे फिरवले, उलटे, आणि फोटोवाला म्हणाला, आलं, मस्त आलं.

मग साहेब खुर्चीत बसले आणि नवऱ्यानं पुन्हा मूठ धरली, सरळ बाजूनं. "चल," तो तिला म्हणाला. आवाज नेहमीचा. ती चालली नसती. पण खुंटाशी दोन माणसं फोन धरून उभी होती, चष्मेवाला घड्याळ दाखवत होता, आणि तिचे हात अडतीस वर्षांच्या सवयीनं आपोआप चालू लागले, याची तिला पुढं कितीतरी दिवस किळस येत राहिली. अढी पडलेला पेड आत दबला. बाकीचे तीन त्याच्यावरून बसले. वरून दोर गुळगुळीत दिसू लागला. चार पेडांचा दोर, पण त्या पंधरा हातांत काम तिघंच करणार होते. चौथा नुसता सोबतीला.

"साहेब, ते पत्र्याचं," नवऱ्यानं घोकलेलं सुरू केलं. "सात वर्षं झाली, उन्हामुळं..."

"लिहून घ्या," साहेब म्हणाले. चष्मेवाल्यानं फोनवर काहीतरी टिपलं, की टिपल्यासारखं केलं. "हा दोर कुणीकडं जाणार?"

"वस्तीच्या विहिरीला. हिचा भाऊ उद्या उतरतोय."

"म्हणजे माझ्या हातचा दोर आणि लोकांना पाणी! अहो, हा फोटो उद्या पाहिजे." साहेबांच्या माणसानं गाडीतून लाल फीत आणली आणि साहेबांनी फिरवलेल्या भागावर तिचं फूल बांधलं. नव्वद हात पुरे झाले तसं दोराचं वेटोळं केलं आणि गाडीच्या मागच्या कप्प्यात टाकलं.

"तो कुठं नेता?" तिनं विचारलं.

"सकाळी आम्हीच आणतो विहिरीवर," चष्मेवाला म्हणाला. "उगाच इकडं-तिकडं जायला नको."

गाड्या गेल्या. चाकाच्या बैठकीवर केकची अर्धी बशी राहिली होती. तिच्यावर माश्या.

तिनं आधी कडी काढली. मग मोरीत जाऊन राखेनं हात घासले. ताग तिच्या हाताला कायम होता, तो राहू दे. तिला तो दुसरा वास घालवायचा होता, साहेबांच्या ओल्या हाताचा. तो जाईना.

"मला दोर दाखव," सासरा बाहेर येऊन म्हणाला.

"नेला मामंजी."

"कसा झाला?"

नवरा चाकाला तेल घालत होता, गरज नसताना.

"मी आतून ऐकलं," म्हातारा म्हणाला. "चाकाचा आवाज दोन बाजूंचा वेगळा असतो. माझे डोळे गेलेत."

"बाबा, पंधरा हातांचा तर प्रश्न आहे," नवरा तेलाच्या बुधलीकडं बघत म्हणाला. "धरेल तो. माणसाचं वजन ते काय. आणि एकदा फोटो झाला की बदलून देऊ."

"नवीन दोरावर पहिल्यांदा कोण बसतं?"

नवऱ्यानं बुधलीचं बूच लावलं.

हा त्या घराचा नियम होता. माणूस लटकणार असेल त्या दोरावर पहिल्यांदा वळणाऱ्यानं बसायचं. विहिरीच्या तोंडावर फळी बांधायची, आपण बसायचं, पुरुषभर खाली जायचं, वर यायचं, मग दोर द्यायचा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं पहिल्यांदा बघितलं होतं. हाच नवरा पाय हलवत खाली गेला होता आणि खालून तिला हाका मारत होता, "अगं, इथं गार आहे, येतेस का?" तेव्हा सगळ्या बायका हसल्या होत्या आणि तिला तो माणूस फार आवडला होता.

"आज माझ्याशी बोलू नका," ती नवऱ्याला म्हणाली, आणि पदर खोचून भावाकडं गेली.

भाऊ ओट्यावर छिन्नीला धार लावत होता. तिनं सगळं सांगितलं. तो धार लावत ऐकत होता.

"तेवढे पंधरा हात तोडून उरलेला जोडता येईल?" तिनं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"गाठ कप्पीतून जात नाही. आणि तोडला तर पंचाहत्तर. मी काय पंधरा हात उडी मारू?" तो हसला. ती हसली नाही. "बरं. तू सांगितलंस, मी बसत नाही. झालं?"

"तू बसला नाहीस तर म्हणतील घाबरला. मी बोलले तर म्हणतील बाई आहे, साहेबांवर डूख धरून बोलते."

"मग बोलायचं कुणी?"

"वळणाऱ्यानं."

भावानं छिन्नीची धार अंगठ्यावर बघितली. "दाजी बोलतील?"

ती उठली. "मला ते बघायचंय," ती म्हणाली.

सकाळी विहिरीवर वस्ती गोळा झाली होती, रिकाम्या घागरी घेऊन. चष्मेवाला आणि फोटोवाला दोर घेऊन आले. साहेबांची गाडी बाकीच्या गाड्यांबरोबर रस्त्यावर उभी होती, यंत्र चालू, काचा वर. साहेब उतरणार नव्हते. पुढच्या गावी साबणाच्या कारखान्याला भेट होती.

भावानं दोर कप्पीतून घेतला, फळी बांधली. दोराचं हे टोक, चाकाकडचं, फळीला आलं होतं. म्हणजे लाल फीत फळीच्या वर दोन हातांवर आली. फळी लटकली की माणसाचा सगळा भार त्या पंधरा हातांवरच.

"बसा दाजी," भाऊ नेहमीसारखा म्हणाला.

नवरा पुढं झाला नाही. कालचाच सदरा होता. काखेत घामाचे पिवळे चंद्र.

"नाही नाही," चष्मेवाला म्हणाला, "वेळ नाहीये. फोटोत विहीरवालाच हवा. साहेब थांबलेत."

आणि तिनं पाहिलं, तिच्या नवऱ्याचा चेहरा सैल झाला. सुटल्यासारखा. "हो," तो म्हणाला. "आज राहू दे. साहेबांना उशीर होतोय."

तिला वाटलं होतं तिला राग येईल. राग आला नाही. कुंडातला भारा उपसताना हात आत जातो आणि बोटांना चिकट, बुळबुळीत असं काहीतरी लागतं, तसं झालं. या माणसाच्या ताटात ती रोज वाढत होती.

भाऊ म्हणाला, "बरं." तिच्याकडं न बघता त्यानं एक पाय उचलून फळीवर ठेवला. काल बसत नाही म्हणाला होता. भाऊ दाजींकडं बघत होता, सरळ, अगदी साध्या चेहऱ्यानं. वाट बघतात तसा. मग त्यानं दुसरा पाय उचलला, बूड टेकलं, आणि हात कठड्यावर ठेवून म्हणाला, "सोडू का हात, दाजी?"

"सोड, सोड," फोटोवाला म्हणाला. "इकडं बघ."

गाडीची काच चार बोटं खाली आली. "झालं का?" आतून आवाज आला.

नवऱ्याचा हात दोरावर होता. कधी गेला त्यालाही कळलं नसावं. बोटं सवयीनं दोर चाचपत वर गेली, फितीपाशी आली, तिथं थांबली, आणि त्याच्या बोटांना ते लागलं असणार, आत दबलेलं, सोबतीला आलेलं. सगळ्या वस्तीसमोर तो ओकतो की काय असं तिला वाटलं.

"उतरा," तो म्हणाला.

"काय?" चष्मेवाला.

"मेव्हणे, उतरा म्हणतो ना!" तो किंचाळला, बारीक, बाईसारख्या आवाजात, आणि त्यानं भावाच्या बगलेत हात घालून त्याला कठड्यावर ओढलं. दोघं पडले. मग त्यानं कमरेची सुरी काढली आणि फितीच्या खाली एक, वर एक, असे दोन घाव घातले. वळलेला ताग पटकन तुटत नाही. तो करकरत राहिला, घासत राहिला.

"अहो, हे काय करताय? साहेबांनी वळलाय तो!"

"म्हणूनच," नवरा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "उलटा फिरवला साहेबांनी. दोन्हीकडनं नाही चालत."

घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांतली एक फिस्सकन हसली. चष्मेवाल्यानं गाडीकडं पाहिलं. काच वर गेली होती.

"मग पत्र्याचं काय लिहू मी?" चष्मेवाला दबक्या आवाजात म्हणाला. धमकी होती की खरंच विचारत होता, कळत नव्हतं.

नवऱ्यानं सुरी पुसून कमरेला खोचली. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबाच्या माणसाला त्यानं उत्तर दिलं नाही, पण तेही बहुतेक शब्द सापडले नाहीत म्हणून.

चष्मेवाल्यानं खाली वाकून फितीचा तुकडा उचलला, मातीनं भरलेला, आणि झटकला. "हा नेतो. साहेबांच्या कचेरीत काचेत लावता येईल. साहेबांच्या हातचा."

"न्या," ती म्हणाली. सकाळपासूनचा तिचा तो पहिला शब्द. "काचेतच ठेवा. फक्त कुणी लटकू नका म्हणावं."

गाड्या गेल्या. बायका घागरी उचलून टँकरच्या रांगेला निघाल्या. आता आणखी दोन दिवस. एक जाता जाता दोरवाल्याकडं बघून थुंकली. त्याच्याकडं की नुसतं रस्त्यावर, देव जाणे.

घरी आल्यावर तिनं तागाचा ढीग उपसला. मधे तो ओला कागद सापडला, वाळून कडक झालेला, अजून वास मारत. तिनं काठीनं उचलून चुलीत टाकला. जळतानासुद्धा गुलाबाचाच वास आला.

दुपारपर्यंत नवे चार पेड झाले. गल्लीत सावली नव्हतीच. सासरा बनियनवर चाकाशेजारी बसला, पाय पसरून, आणि कुणी त्याला आत जा म्हणालं नाही. नवऱ्यानं इस्त्रीचा सदरा काढून खुंटाला टांगला. पोट सुटलं होतं त्याचं. तिला ते आजच दिसलं.

"अगं," तो म्हणाला. "मी शेवटी..."

"भोवरा बसलाय," ती म्हणाली. "फिरवा."

"ऐकून तर घे."

"फिरवा म्हणते ना. ताग वाळतोय."

चाक सुरू झालं. सासऱ्यानं मान तिरकी करून आवाज ऐकला आणि मान हलवली. बाजू बरोबर होती. भोवऱ्यात ताण आला, घट्ट, एकसारखा. हात त्याचा चांगलाच होता, त्याबद्दल कधी प्रश्न नव्हता. ती त्याच्याकडं तोंड करून एक एक पाऊल मागं सरकत राहिली. दोघांच्या मधे दोर वाढत होता, आणि तो जितका वाढत होता तितकी ती त्याच्यापासून लांब जात होती.

नव्वद हात.